पोटाचा घेर : एक दुर्लक्षित पूर्वसूचना



वैद्यकावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना काही यंत्रांची, काही चित्रांची अपेक्षा असते. मी आज बरोबर एकच वस्तू आणली आहे. ही पाहा : शिंप्याची टेप. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी ती शिवणाच्या डब्यात पडलेली असेल. हिने पोटाचा घेर मोजावयाचा आणि त्यावरून रक्तातील साखरेविषयी, हृदयाविषयी आणि विशेषतः यकृताविषयी काही अंदाज बांधावयाचा, हा आजचा विषय आहे. इतक्या साध्या साधनाने इतकी आतली गोष्ट कशी कळावी, अशी शंका येणे साहजिक आहे. त्या शंकेचे निरसन करण्याचा मी यथाशक्ती प्रयत्न करीन. त्याचबरोबर टेपेला जे कळत नाही तेही सांगेन. कारण साधनाची मर्यादा ठाऊक नसली म्हणजे चांगले साधनही दिशाभूल करते.

‘पोट सुटणे’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीदार प्रयोग आहे. पोट कोणी सोडीत नाही; ते आपले आपण सुटते. ते आधी शिंप्याला कळते, मग घरच्या मंडळींना आणि सर्वांत शेवटी धन्याला. कळले तरी त्याचे कोणाला फारसे वाईट वाटत नाही. लग्नानंतर मुलगा जरा ‘भरला’ की सासरचे लोक संतोष पावतात. दोंद हे खात्यापित्या घराचे लक्षण मानण्याची आपली जुनी चाल आहे, आणि ज्या देशाने दुष्काळ पाहिले त्या देशात ती पडावी ह्यात नवल नाही. परंतु आता त्या खुणेचा अर्थ पालटला आहे. पोटाच्या आत साठलेली चरबी ही शिल्लक नसून कर्ज आहे, आणि त्या कर्जाचे व्याज यकृत आधीपासूनच भरू लागलेले असते.

वजनाकडे मात्र आपले लक्ष असते. रेल्वे स्टेशनावरच्या यंत्रात नाणे टाकून वजनाचे तिकीट काढण्याची हौस एके काळी लहानथोर सर्वांना होती. आता पुष्कळ घरी वजनकाटे आले आहेत. पण नुसत्या वजनाने काय कळणार? उंच माणसाचे वजन अधिक असणारच. म्हणून वजनाची उंचीशी सांगड घालावी लागते. बेल्जियममधील गणिती ॲडॉल्फ केतले ह्यांनी १८३२ साली दाखवून दिले की प्रौढ माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यावरून किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत निघाली. तिलाच अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज ह्यांनी १९७२ साली ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. दवाखान्यातील कागदावर ‘बीएमआय’ म्हणून जो आकडा आपण पाहतो तो हाच.

हा आकडा उपयोगी आहे. पण तो मुळात लोकसमूहाचे सरासरी माप काढण्यासाठी निघालेला आहे. एकट्यादुकट्या माणसाला लावला की तो कधी कधी फसवतो. कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल आणि गादीवर बसून राहणारा व्यापारी ह्या दोघांचा बीएमआय अगदी सारखा निघू शकेल. एकाच्या अंगात मांस असेल, दुसऱ्याच्या अंगात मेद. वजनकाट्याला दोन्ही सारखेच. शिवाय मेद असला तर तो मांड्यांवर आहे, कातडीखाली आहे की पोटाच्या आत आतड्यांभोवती आहे, हे काटा सांगू शकत नाही. आणि आजचे सारे शास्त्र जर एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : मेद किती आहे, ह्याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो कोठे आहे ह्याला महत्त्व आहे.

ह्याचे एक उत्कृष्ट उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन ह्या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३ होता. म्हणजे त्या मापाने दोघे एकाच तागडीतले. पण अंगातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन ह्यांच्या शरीरात ते ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या मते जुळे भाऊ, पण आत दुपटीहून अधिक अंतर. स्वतःचे पोट जगापुढे ठेवून शिकवलेला हा धडा आपण भारतीयांनी तरी विसरू नये.

मेदाच्या जागेचा विचार ह्याहून जुना आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. झाँ व्हाग ह्यांनी १९४७ साली स्थूल माणसांचे दोन प्रकार सांगितले. एकात चरबी धडाच्या वरच्या भागात आणि पोटावर जमते. हा प्रकार पुरुषांत अधिक. दुसऱ्यात ती नितंबांवर आणि मांड्यांवर जमते; हा स्त्रियांत अधिक. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार आणि युरिक ॲसिडचे खडे हे पहिल्या प्रकाराच्या वाट्याला अधिक येतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ते बरीच वर्षे मागे पडून राहिले. पुढे स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात ५४ वर्षे वयाच्या ७९२ पुरुषांची मापे घेऊन त्यांच्यावर तेरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकार आणि पक्षाघात ह्यांचा संबंध एकूण लठ्ठपणापेक्षा कंबर आणि नितंब ह्यांच्या घेरांच्या प्रमाणाशी अधिक जवळचा आढळला. १९८८ साली अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन ह्यांनी रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद ह्यांचे बिघाड एकाच माणसात एकत्र का नांदतात ह्याची संगती लावली. शरीरातील पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, हे ह्या सर्वांच्या मुळाशी आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

आता प्रश्न असा की पोटातल्याच चरबीत असे काय वाईट आहे? ह्यासाठी पोटाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पोटावर चिमटा घेतला तर जी बोटांत येते ती कातडीखालची चरबी. तिच्याखाली स्नायूंची भिंत आहे. त्या भिंतीच्या आत आतड्यांवर एखाद्या झालरीसारखा पडदा लोंबतो, आणि आतड्यांना धरून ठेवणारे पातळ पदर असतात. त्या पडद्यात आणि पदरांत जी चरबी साठते ती आतली चरबी. ती चिमटीत येत नाही. कित्येकदा पोट हाताला टणक लागते आणि माणूस अभिमानाने सांगतो, ‘आमचे पोट घट्ट आहे.’ तो घट्टपणा बहुधा आतून येणाऱ्या दाबाचा असतो.

ह्या आतल्या चरबीतून आणि आतड्यांतून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या नीलेत गोळा होते आणि आधी यकृतात शिरते. जेवणातून आलेला माल सबंध शरीरात वाटण्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी, अशी ही निसर्गाची जकातनाक्याची व्यवस्था आहे. पण आतली चरबी फार चंचल असते. ती सतत विरघळून मेदाम्ले रक्तात सोडीत राहते आणि ती सारी पहिल्या धारेत यकृतावर येऊन पडतात. ह्याखेरीज फुगलेल्या चरबीच्या पेशी दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडतात, आणि इन्शुलिनचे काम सुलभ करणारे ॲडिपोनेक्टिन नावाचे हितकारक द्रव्य कमी करू लागतात. ह्या माऱ्यापुढे यकृत तरी काय करणार? काही मेद ते आपल्याच पेशींत कोंबते. काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने पुन्हा रक्तात ढकलते. आणि इन्शुलिनचे ऐकेनासे झाल्यामुळे गरज नसताना साखर बनवीत राहते. सकाळी उपाशीपोटी काढलेल्या रक्तात साखर का वाढलेली असते, ह्या प्रश्नाचे एक मोठे उत्तर येथे आहे. रात्री आपण काही खाल्लेले नसते. ती साखर यकृताने केलेली असते.

यकृताच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद दिसू लागला की त्याला आपण ‘फॅटी लिव्हर’ म्हणतो. ह्या विकाराच्या पायऱ्या आहेत. पहिली नुसता मेद साठण्याची. दुसरी दाहाची, तीत पेशी फुगतात, मरतात. तिसरी व्रण पडण्याची. मेलेल्या पेशींच्या जागी चिवट तंतू तयार होतात. चौथी सिऱ्होसिसची, तीत यकृत गाठाळ आणि कठीण बनते. त्यापुढे जलोदर, रक्ताच्या उलट्या आणि काहींच्या बाबतीत यकृताचा कर्करोग. प्रत्येक जण सगळ्या पायऱ्या चढतो असे मुळीच नाही. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच राहतात. आणि लक्षात ठेवा, पहिल्या पायरीवरही हृदयविकाराची भीती असतेच. खरी अडचण अशी आहे की पहिल्या तीन पायऱ्यांवर बहुधा काहीच दुखत नाही. दात दुखला तर माणूस रात्रीतून उठतो; यकृत वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसते.

येथे एका सामाजिक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. यकृत बिघडले म्हणजे दारू, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली वीस रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दारूच्या रोग्यांसारखेच दिसत होते. पण हे लोक दारू पिणारे नव्हते. त्या विकाराला नाव मिळाले तेही ‘दारूविना होणारा’ अशा अर्थाचे. म्हणजे नावातही दारू आलीच! २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते नाव बदलले आणि हा चयापचयाच्या बिघाडाशी निगडित यकृतविकार आहे असे नावातच सांगितले. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आयुष्यात थेंबालाही न शिवलेल्या गृहिणीच्या सोनोग्राफीत यकृताचा दोष निघाला की ती तो कागद लपवते, आणि निर्व्यसनी मुलाकडे वडील संशयाने पाहू लागतात. लाजेपायी पुढची तपासणी राहून जाते. ह्या विकारात लाजण्यासारखे काही नाही. दुर्लक्ष करणे मात्र महागात पडते.

आता आपण भारतीयांनी ह्या बाबतीत अधिक सावध का असावे? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हे तर उघडच होते. पण विशेष हे की त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. दिसावयास कृश, पण प्रमाणाने मेदयुक्त, अशी ही आपली जन्मजात ठेवण. अशा शरीराला पुढे बैठे काम, भरपूर भात-साखर आणि तळलेले पदार्थ मिळाले की कातडीखालची कोठारे लवकर भरतात आणि उरलेला माल पोटात आणि यकृतात जातो.

म्हणूनच आपल्याकरिता मर्यादा निराळ्या ठरवल्या आहेत. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या शिफारशीप्रमाणे कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हावयाचे. बीएमआय २३ पासून अधिक आणि २५ पासून स्थूल समजावयाचा. युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर १,१३,०४३ लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तीत बीएमआयच्या मापाने २८.६ टक्के लोक स्थूल ठरले. पण पोटाच्या घेराने पाहिले तर ३९.५ टक्के. म्हणजे दर शंभर प्रौढांमागे दहाअकरा माणसांचे अंतर पडते, आणि नुसत्या काट्यावर विसंबलो तर ती माणसे नजरेतून निसटतात.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळू. पुष्कळ पुरुष म्हणतात, ‘माझी कंबर चौतीस आहे, दहा वर्षे त्याच मापाची पँट घेतो.’ ही मोठी फसगत आहे. पोट वाढू लागले की पट्टा हळूहळू त्याच्याखाली सरकतो. पँटचे माप तेच राहते, कारण ते आता पोटाचे माप नसून पोटाखालचे माप असते. बायकांची साडी तर प्रत्येक घेराला सामावून घेते, त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही.

खरे माप असे घ्यावयाचे. सकाळी, न्याहारीपूर्वी, पोटावरचे कपडे दूर करून सरळ उभे राहावे. पायांत थोडे अंतर असावे. बोटांनी चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कडा शोधावी, मग कमरेच्या हाडाचा वरचा उंचवटा शोधावा, आणि दोहोंच्या बरोबर मध्यावर टेप गुंडाळावी. ती जमिनीला समांतर असावी. मागे वर चढलेली नसावी. अंगाला टेकावी, पण मांसात रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडून संपला की आकडा वाचावा. पोट आत ओढू नये. त्याने डॉक्टर फसेल, यकृत फसणार नाही! दोनदा मोजावे; अंतर एका सेंटिमीटरहून अधिक पडले तर पुन्हा मोजावे. काही देशांत हे माप बेंबीच्या पातळीवर घेतात, काही ठिकाणी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. आपण कोणतीही एक रीत धरावी आणि दरवेळी तीच वापरावी. गरोदरपणी, पोटात पाणी झाले असता किंवा मोठा हर्निया असता ह्या मापाला अर्थ नाही.

ज्यांना सेंटिमीटरचे आकडे ध्यानात राहत नाहीत त्यांच्यासाठी आणखी सोपी युक्ती आहे. आपल्या उंचीएवढा दोरा घ्यावा, तो मधोमध दुमडावा आणि सांगितलेल्या जागी कमरेभोवती लावून पाहावा. टोके जुळली तर ठीक. जुळत नसतील तर घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे. इंग्लंडमधील ‘नाइस’ ह्या अधिकृत सल्लागार संस्थेने २०२२ साली हाच नियम लोकांना सांगितला : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा.

आता ह्या टेपेची मर्यादा. घेर वाढला आहे एवढे ती सांगते. त्यातला कातडीखालचा भाग किती आणि आतला किती, हे ती सांगत नाही. त्याची वाटणी पाहावयाची तर शरीराच्या आत डोकावणारी यंत्रे लागतात. जपानमधील ओसाका येथे १९८३ च्या सुमारास सीटी स्कॅनने बेंबीच्या पातळीवर पोटाचा छेद पाहून आतल्या चरबीचे क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत निघाली. १०० चौरस सेंटिमीटरपलीकडे आजार वाढतात असे आढळल्यावर तेथे त्याला जुळणारे घेर ठरवण्यात आले : पुरुषांत ८५ आणि स्त्रियांत ९०. पुढे २००८ पासून जपानने ४० ते ७४ वयाच्या नागरिकांसाठी वार्षिक तपासणीत पोटाचा घेर मोजण्याची राष्ट्रीय योजनाच सुरू केली. एमआरआयने तर यकृतातील मेदाची टक्केवारीही काढता येते. पण ही यंत्रे खर्चाची आहेत आणि सीटीत क्ष-किरणांचा मारा सोसावा लागतो. प्रत्येकाने त्यांच्यामागे धावण्याचे कारण नाही. टेपेने प्रश्न विचारावा आणि उत्तर पुढच्या साध्या तपासण्यांत शोधावे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

त्या तपासण्या कोणत्या? प्रथम रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल नावाचे चांगले कोलेस्टेरॉल. वाढलेला घेर, १३०/८५ किंवा अधिक रक्तदाब, १०० किंवा अधिक साखर, १५० किंवा अधिक ट्रायग्लिसराइड, पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली एचडीएल : ह्या पाचांपैकी तीन गोष्टी एकत्र आल्या तर चयापचय बिघडले आहे असे समजतात. ह्यांपैकी एखादीसाठी औषध चालू असेल तर तीही मोजणीत धरावयाची.

नंतर यकृत. येथे लोकांचे दोन गैरसमज असतात. पहिला, यकृताच्या एन्झाइमांचे आकडे ठीक आले म्हणजे यकृत ठीक. तसे नाही, मेद साठलेल्या पुष्कळ लोकांत ते आकडे मर्यादेत असतात. दुसरा गैरसमज सोनोग्राफीच्या ‘ग्रेड’विषयी. कागदावर ‘ग्रेड दोन’ पाहिले की घरात रडारड होते, आणि ‘ग्रेड एक’ असेल तर कागद कपाटात जातो. वस्तुतः ही श्रेणी मेदाचा अंदाज देते. व्रण किती पडले हे ती सांगत नाही. आणि पुढचे आयुष्य कसे जाईल हे मुख्यतः व्रणांवर अवलंबून असते. शिवाय थोडा मेद सोनोग्राफीच्या नजरेतून निसटतोही.

व्रणांचा अंदाज घेण्यासाठी एक साधे गणित आहे. त्याला ‘फिब-४’ म्हणतात. वयाला एएसटी ह्या एन्झाइमच्या आकड्याने गुणावयाचे. दुसरीकडे रक्तातील प्लेटलेटची संख्या हजारांत घेऊन तिला एएलटीच्या वर्गमुळाने गुणावयाचे. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावयाचे. उत्तर १.३ च्या खाली आले तर मोठ्या व्रणांचा संभव कमी, २.६७ च्या वर गेले तर संभव बराच. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांत हे गणित तितके भरवशाचे नसते.

समजा, एका कचेरीतले ४८ वर्षांचे गृहस्थ आहेत. उंची १६६ सेंटिमीटर, वजन ६३ किलो. बीएमआय २२.९, म्हणजे काट्याच्या मते सारे आलबेल. टेप लावली तर घेर ९२. मर्यादा ९०, आणि उंचीच्या निम्मे ८३. टेपेने शंका घेतली म्हणून रक्त तपासले : एएसटी ५२, एएलटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. आता गणित करू. ४८ गुणिले ५२ म्हणजे २,४९६. चौसष्टाचे वर्गमूळ ८. २१० गुणिले ८ म्हणजे १,६८०. भागाकार सुमारे १.४९. हे उत्तर ना निर्धास्त करणारे ना घाबरवणारे. अशा वेळी पुढची पायरी म्हणजे यकृताचा कठीणपणा मोजणारी चाचणी. तीत बरगड्यांवर एक कांडी टेकवून हलका ठोका देतात आणि त्याची लहर यकृतातून किती वेगाने गेली हे पाहतात. कठीण वस्तूतून लहर वेगाने जाते. दुखत नाही, कापाकाप नाही, दहा मिनिटांत काम होते. कठीणपणा ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर मोठे व्रण नसावेत असे धरतात; त्यावर असेल तर यकृततज्ज्ञाकडे जावे. आपल्या गृहस्थांचा आकडा समजा ६ आला. त्यांना वेळीच सूचना मिळाली. ती वजनकाट्याने दिली नाही, टेपेने दिली.

सूचना मिळाली, पुढे काय? सुदैवाने येथे वैद्यकापाशी सांगण्यासारखी आशेची गोष्ट आहे. यकृत हा क्षमाशील अवयव आहे. अंगातील वजनाचा शेकडा पाच भाग कमी झाला की त्यातला मेद उतरू लागतो. सात ते दहा भाग कमी झाले की दाह ओसरतो. क्यूबामध्ये अशा २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायाम ह्यांवर ठेवून पाहिले. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन घटवले त्यांच्यापैकी दर दहांत नऊ जणांचा दाह गेला आणि ४५ टक्क्यांचे व्रणही मागे हटले. इतके वजन घटवणे थोड्यांनाच साधले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जे मुळात सडपातळ आहेत त्यांना तीन ते पाच टक्क्यांनीही लाभ होतो. आपल्या त्रेसष्ट किलोच्या गृहस्थांना दोनतीन किलो पुरतील.

हे कसे साधावयाचे ते आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गोड पेये, सरबते, दिवसभराचे साखरेचे चहा आधी कमी करावेत. फळांतली आणि साखरेतली जी गोडी रसांतून झटकन पोटात जाते तिचा मेद यकृतच बनवते. ताटातला भात-पोळीचा ढीग आटोक्यात आणून उसळ, भाजी, कोशिंबीर वाढवावी. आठवड्यात निदान १५० मिनिटे दमदार चालावे. शिवाय स्नायू बळकट करणारा व्यायाम दोनदा तरी करावा. नुसत्या पोटाच्या बैठकांनी पोटावरचीच चरबी जात नाही. पण सर्वांगाला श्रम दिले की आतली चरबी चटकन हलते. ती जितकी चंचल तितकीच परतीच्या वाटेवरही तत्पर आहे. वजन न घटताही घेर दोन सेंटिमीटर उतरला तर तो विजयच समजावा. मद्य घेणाऱ्यांनी ते सोडावे. आणि ‘लिव्हर शुद्ध’ करणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नयेत. कित्येकदा अशा काढ्यांनीच यकृताला इजा होते.

भारत सरकारने २०२१ साली ह्या विकाराचा समावेश मधुमेह-हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, ही योग्य दिशा आहे. पण सरकारी कार्यक्रम घराघरांतील कंबर मोजू शकत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल. ते करताना एक पथ्य पाळावे : टेप ही थट्टेची वस्तू करू नये. जाड मुलाला चिडवण्याने त्याची चरबी उतरत नाही, फक्त तो लपून खाऊ लागतो. आणि घरातल्या सडपातळ माणसाला टेपेतून सूट देऊ नये. दोन डॉक्टरांच्या छायाचित्राची गोष्ट त्याच्यासाठीच सांगितली आहे.

टेपेचा आकडा म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. ती दारावरची थाप आहे. दार उघडून कोण आले आहे ते पाहावे. बहुतेक वेळा पाहुणा अजून उंबऱ्याच्या बाहेरच असतो, आणि त्याला तेथूनच परत पाठवता येते. आज घरी गेल्यावर शिवणाचा डबा उघडा, आधी स्वतःचे माप घ्या आणि मग घरच्यांचे. वर्षातून एकदा, पुढच्या वसंतात आपण पुन्हा येथे जमण्यापूर्वी, ते पुन्हा घ्या. इतके झाले तरी आजच्या संध्याकाळचे सार्थक झाले असे मी समजेन.